बफाट, बाष्कळ, पंचात: वडोदऱ्याच्या मराठीतले हे शब्द नक्की आले कुठून?

नाशिकची वडोदऱ्यात

नमस्कार मंडळी. लग्न होऊन वडोदऱ्याला आले त्याला आता अकरा वर्षं झाली. माहेर नाशिक, सासर दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर, म्हणजे सासऱ्यांचे कोणीतरी खापरपणजोबा गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आले वगैरे वगैरे, ती गोष्ट दर दिवाळीत फराळाबरोबर ऐकावी लागते. घरात सगळे मराठीच बोलतात. पण ही मराठी अशी की पहिलं वर्षभर मला निम्मं कळायचं नाही आणि उरलेलं निम्मं चुकीचं कळायचं.

एक नमुना सांगते. लग्नानंतरचा दुसराच आठवडा, मी गॅलरीत फोन बघत बसलेली, आत्येसासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "काय गं, नवरी बसलीयस?" मला वाटलं किती प्रेमाने नवरी म्हणतायत, मी आपली लाजून "हो" म्हटलं. तर त्या म्हणाल्या "बरं झालं, मग हे सोल" आणि दोन किलो तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या मांडीत. रात्री नवऱ्याने सांगितलं की इथे नवरी म्हणजे रिकामटेकडी. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा बसलेला माणूस. (यावर नवऱ्याबद्दल जो जोक होतो तो मी अकरा वर्षं ऐकतेय, कृपया इथे नको.)

तर मुद्दा. माझी मुलगी चौथीत आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती माझ्या भाच्याला म्हणाली "ए, बफाट नको करू". माझा भाऊ पलीकडून हसायला लागला, म्हणे हे काय बफाट, मराठीत बाष्कळ म्हणतात. मुलीने मला विचारलं की आई, बफाट आणि बाष्कळ एकच का? मी कणीक मळत होते, मी ठोकून दिलं की हो, एकच, बाष्कळचंच गुजरातीत बफाट झालं. म्हणजे मी स्वतःच बफाट केला बहुतेक.

आता ती शाळेत सांगून येईल त्याआधी कोणी खरं काय ते सांगेल का? आणि असं फालतू बोलण्याला आपल्याकडे इतके शब्द कशाला लागतात हेही कोणी सांगा, मी नुसते आठवायला घेतले तर पंधरा-वीस झाले.

रावपुरा टॉवर

ताई, तुमचं चुकलं, पण फार नाही. बफाट हा शब्द गुजराती, आणि बाष्कळशी त्याचा संबंध नाही. मात्र एका अस्सल मराठी शब्दाशी त्याचं सख्खं नातं आहे.

बफाट आला बाफवुं या क्रियापदावरून. बाफवुं म्हणजे उकडणे, वाफवणे. याचं मूळ संस्कृत बाष्प. प्राकृतात त्याचं बप्फ आणि वप्फ अशी दोन्ही रूपं झाली, गुजरातीने ब ठेवला म्हणून तिकडे बाफ, मराठीने व घेतला म्हणून आपली वाफ, आणि हिंदीत फ मधला ह पुढच्या ब वर उडी मारून गेला, म्हणून भाप झाला. इथे मे महिन्यात आपण बफारा बफारा करतो ना, तोही यातलाच, आणि सर्दी झाली की नाशिकला तुम्ही जो वाफारा घेता तोही यातलाच. आता बघा, मराठीत उगाच बोलण्याला काय म्हणतात? तोंडाची वाफ दवडणे! तेव्हा बफाट आणि तोंडाची वाफ एकाच भांड्यातून निघालेत. (मी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, त्यामुळे थोडं लांबतं, सांभाळून घ्या.)

शेवटचा आट म्हणाल तर तो मराठीत रोज वापरता की. किलबिलाट, चिवचिवाट, लखलखाट, सुळसुळाट. गुजरातीत गभराट, फफडाट, कलबलाट. एखादी गोष्ट सारखी, भरभरून होते आहे असं दाखवणारा तो प्रत्यय.

पण अर्थात एक बारकावा आहे आणि तो तुमच्या मुलीला जरूर सांगा. गुजरातीत बाफी मार्युं म्हणजे घोटाळा करून ठेवला. म्हणून बफाट म्हणजे नुसती बडबड नव्हे. शेजारी बसून दोन तास हवापाण्यावर बोललात तर तो बफाट नाही. व्याह्यांसमोर "तुमच्या मुलाला आधी एक स्थळ आलं होतं ना" असं बोलून गेलात, तो बफाट. पुढारी माइकसमोर जे बोलतात आणि दुसऱ्या दिवशी खुलासा देतात ते इथले गुजराती पेपर बफाट म्हणूनच छापतात.

गुळव्या

कोल्हापूरकडनं बोलतोय. राग मानू नका पण मला एक कळत नाही, मराठीत बाष्कळ आहे, वायफळ आहे, वटवट आहे, पाल्हाळ आहे, बाता आहेत, मग उसना बफाट कशाला पाहिजे? तुम्ही लोक तिकडं राहून मराठी टिकवली म्हणता आणि घरातच बाफता. शुद्ध मराठीत गप्पा मारा की जरा.

रावपुरा टॉवर

गुळव्या, शुद्ध मराठीत गप्पा मारता येणार नाहीत, कारण गप हा शब्द फारसी आहे. फारसीत गप म्हणजे बोलणं. आणि नुसता शब्दच नाही, त्याबरोबरचं मारणंसुद्धा तिथलंच. फारसीत गप ज़दन म्हणतात, ज़दन म्हणजे मारणे, ठोकणे. मराठीने, गुजरातीने, हिंदीने तो आख्खा वाक्प्रचार जसाच्या तसा आपल्या क्रियापदात बसवून घेतला, म्हणून आपण गप्पा करत नाही की बोलत नाही, मारतो. काबूलला आजही दोन माणसं चहावर बसली की गप मारतात.

आणि गंमत अशी की मराठीत त्याच्या शेजारीच आपला गप्प बसला आहे. गप्पा मार म्हणजे बोल आणि गप्प बस म्हणजे बोलू नको. माझ्या वर्गात गुजराती मुलं मराठी शिकायला यायची, ती इथे हमखास अडखळायची.

गुळव्या

बरं बाबा, हरलो. फारसीचं म्हाईत नव्हतं.

पण मग माझ्याकडनं एक घ्या, कारण हे मी डोळ्यानं बघितलंय. चर्चेचं गुऱ्हाळ म्हणतात ना, तो शब्द वापरणाऱ्या निम्म्या लोकांनी गुऱ्हाळ बघितलेलं नसतं. आमच्या आज्याचं गुऱ्हाळ होतं. पयलं बैलांचा घाणा असायचा, बैल गोल गोल गोल फिरतायत, चाललेत तर दिवसभर पण पोचत कुठंच नाहीत. रस काहिलीत पडला की खाली चुलवाणात चिपाडं ढकलत राहायची, तास न् तास, वर गुळव्या मळी काढत उभा, एक आधण उतरलं की दुसरं चढलं, रात्र नाही दिवस नाही, सीझन संपेपर्यंत हेच. आणि सगळं गाव शेकायला, रस प्यायला, काकवी न्यायला तिथं येऊन बसलेलं, ते आणि वेगळं बोलत असतं. म्हणून लांबलेल्या बोलण्याला गुऱ्हाळ. शब्द बरोबर आहे पण मला त्यात थोडा अपमान वाटतो, कारण आमच्या गुऱ्हाळातनं शेवटी गूळ निघायचा, टीव्हीवरच्या चर्चेतनं काय निघतं ते तुम्हीच सांगा.

पाटीपेन्सिल

गुळव्याभाऊ, भारी लिहिलंय. तुमचं वाचून मला एक वेगळंच जाणवलं. मराठीतले हे शब्द बघा, सगळे कष्टाचे आहेत. गुऱ्हाळ आहेच. चऱ्हाट म्हणजे विहिरीवरचा जाड दोर, तो वळताना माणूस पेडात वाख भरत भरत मागे मागे सरकत जातो, दोर लांबतो आणि हा मूळ जागेपासून लांब, अगदी तसंच काही लोकांचं बोलणं (माझ्या एका मामांचं). काथ्याकूट म्हणजे नारळाची सोडणं महिनोन् महिने पाण्यात कुजवायची आणि मग बडवत बसायची. टकळी म्हणजे सूत कातायची चाती, ती गरगर फिरते म्हणून कोणाचं तोंड थांबत नसेल तर टकळी चालू आहे म्हणायचं. आणि भाकडकथा! भाकड म्हणजे दूध न देणारी गाय किंवा म्हैस. तिला वैरण तेवढीच लागते, पाणी तेवढंच लागतं, आणि धार काढायला बसलं तर काही नाही. भाकडकथा ऐकताना माणसाचा तेवढाच वेळ जातो आणि हातात तेवढंच येतं. हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याच्या गोठ्यात नक्की अशी म्हैस असणार.

म्हणजे आपली माणसं नुसतं बोलण्याला बडबड म्हणत नाहीत, ती त्यातले कामाचे तास मोजतात. नमनाला घडाभर तेल हेही तेच की, खेळ रात्री, उजेडाला मशाली, आणि नमनच इतकं लांबलं की तेल तिथेच संपलं. बोलण्याची तक्रार नाही, तेलाची आहे.

पाल्हाळ मात्र वेगळा. तो पल्लवातला, म्हणजे पाला आणि पालवीच्या घरातला. झाडाला पानंच पानं फुटली, फळाचा पत्ता नाही. संस्कृतातसुद्धा अलं पल्लवितेन म्हणतात, म्हणजे पुरे झाला फापटपसारा. आणि त्याचा जोडीदार वायफळ, जुन्या मराठीत वायां म्हणजे व्यर्थ, ज्ञानेश्वरीत जागोजागी सापडेल, वायां गेलं ते फळ.

आता ताईंचा बाष्कळ. याच्याबद्दल एक गोष्ट फिरते की ऋग्वेदाची बाष्कल म्हणून शाखा होती, तिची थट्टा करायला शाकल शाखेवाल्यांनी हा शब्द काढला. शाखा होती हे खरं. ऋग्वेदाच्या शाखा मोजतात त्यात शाकल, बाष्कल, आश्वलायन, शांखायन, मांडूकायन अशी पाच नावं येतात. पण नुसतं नाव जुळतंय म्हणून शब्द तिथूनच आला असं कृपया कोणी मुलांना सांगू नका, अशाने उद्या गाढव गाढ झोपतं म्हणून गाढव असंही सांगाल. मला यातली दुसरीच गोष्ट आवडते. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात एक प्रसंग आहे, बाष्कलि नावाचा शिष्य बाध्व ऋषींना विचारतो की ब्रह्म म्हणजे काय ते सांगा. ते गप्प. परत विचारतो. गप्प. शेवटी ते म्हणतात, मी सांगतोच आहे, तुलाच कळत नाहीये, हा आत्मा शांत आहे. म्हणजे ज्याच्या नावासारखा आपला बडबडीचा शब्द आहे, त्याला मिळालेलं उत्तर म्हणजे शांतता.

शंकराचार्यांवरून आठवलं, चर्पटपंजरी हा शब्द तर सरळ त्यांच्या नावावरच्या चर्पटपंजरिका स्तोत्रातून आलाय. भज गोविंदम् तेच. स्तोत्र सांगतं की बाबा रे, व्यर्थ पाठांतरात आयुष्य घालवू नको, आणि मराठीने त्याच्याच नावाचा अर्थ केला लांबलचक कंटाळवाणं बोलणं. कोणीतरी कोणालातरी ते फार वेळा ऐकवलं असणार.

ओटला परिषद

जय महाराज! पक्का बरोडियन इथे, जन्म घडियाळी पोळ (पोळ म्हणजे इथला जुना मोहल्ला), शाळा गुजराती, घरी मराठी, भांडण दोन्हीत.

पाटीपेन्सिल, तुमचं कष्टाचं लॉजिक मस्त आहे पण ते मराठीपुरतंच ठेवा. गुजराती माणूस बडबडीला काम समजतच नाही, तो आराम समजतो. माझं नावच बघा ना, ओटला परिषद. घराबाहेरच्या ओटल्यावर चार जणं संध्याकाळी बसली की झाली परिषद, अजेंडा नाही, मिनिट्स नाहीत, ठराव मात्र रोज, कोणाची मुलगी कुठे दिली आणि कोणाच्या दुकानाचं शटर का बंद आहे. आणि थापांना काय म्हणतात माहितीये का, टाढा पहोरनां गप्पां. टाढो म्हणजे थंड, थंड प्रहरातल्या गप्पा. ऊन उतरलं, हवा लागली, आता सोडा. त्यात खरंखोटं बघायचं नसतं, कोणी म्हणालं माझ्या काकाने सुरसागर एका श्वासात पोहून पार केला तर म्हणायचं हो का, येताना पण?

अजून एक, लवारो. म्हणजे बरळणं. तापात माणूस करतो तो लवारो, आणि दारूबंदीच्या राज्यात ज्या दुसऱ्या कारणाने करतो त्यालाही लवारोच म्हणतात.

आणि ताई, पंचात राहिलं. पारकी पंचात, म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणं! तो आमचा राष्ट्रीय खेळ आहे.

नाशिकची वडोदऱ्यात

अहो पंचातचं नाव काढू नका, त्यात माझी खरोखर पंचाईत झाली होती. पहिल्याच वर्षी गॅस संपला, पाहुणे दारात, मी शेजारच्या काकूंना सांगितलं, "काकू माझी फार पंचाईत झालीय हो." त्या बाई गुजराती, त्यांना वाटलं सोसायटीत माझ्याबद्दल लोक काहीबाही बोलतायत. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं, कोण बोललं? मी म्हटलं कोणी नाही, सिलिंडर संपलाय. त्या म्हणाल्या घाबरू नको, मला नाव सांग. पाहुणे बाहेर ताटकळत आणि मी आत सिलिंडरवर शपथा घेतेय.

रावपुरा टॉवर

हा किस्सा मला वर्गात हवा होता!

दोन्ही शब्द पंचायतीतलेच. माझ्या मते फरक एवढाच की पंचांसमोर ज्याचं प्रकरण उभं राहतं त्याची होते पंचाईत, आणि ते बघायला गोल करून जे बसतात ते करतात पंचात. मराठीने मधल्या माणसाचा अर्थ घेतला, गुजरातीने भोवतालच्यांचा. वडोदऱ्यात अठराव्या शतकापासून दोन्ही भाषा एकाच पोळमध्ये राहतायत, तेव्हा इथला मराठी माणूस सकाळी पंचाईतीत असतो आणि संध्याकाळी पंचातीत.

नवरी-नवरोचं मात्र असं नाही. मराठी नवरा म्हणजे नव वर, नवा वर, गुजराती नवरोचा त्याच्याशी आवाजापलीकडे काही संबंध नाही. जोक करणाऱ्यांना करू द्या.

ओटलाभाई, लवारोबद्दल थोडं. तो लप् धातूतला, लप् म्हणजे बोलणे. त्याच्यातूनच प्रलाप, विलाप, आणि आलाप. फैयाज खाँसाहेबांचा नोमतोमचा आलाप ज्या गावाने ऐकला त्याच गावात तापातल्या माणसाच्या बरळण्यालाही त्याच धातूचा शब्द आहे, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. खाँसाहेब इथले दरबार गायक होते, १९५० साली इथेच वारले, माझे वडील त्यांना ऐकायला सायकल काढून जायचे आणि परत आल्यावर आई म्हणायची, झालं का तुमचं आऽऽ आऽऽ.

आणि टाढा पहोरवरून, मराठीतही अगदी तसाच शब्द आहे. शिळोप्याच्या गप्पा. शिळं म्हणजे आपण आज उरलेलं, कालचं म्हणतो, पण शब्द आला शीतलवरून, म्हणजे निवालेलं. शिळोपा म्हणजे निवांत, कामं उरकल्यानंतरचा गार वेळ. मराठी माणूस शिळोप्याला बसतो, गुजराती टाढा पहोरला, वेळ एकच, गारवाही तोच. तेव्हा पाटीपेन्सिल, मराठीतही सगळेच शब्द घाम गाळणारे नाहीत.

पाटीपेन्सिल

मान्य. शिळोप्याने माझी थिअरी गार केली.

गुळव्या

एक विचारू का काका, तुमच्या महाराजांनी एवढे कोश काढले म्हणतात, त्यात असले शब्द घेतले होते का?

रावपुरा टॉवर

सयाजीराव महाराजांनी १९३१ साली काढला तो श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू, म्हणजे राज्यकारभारातल्या शब्दांचा कोश, मराठी-गुजरातीपासून फारसी-बंगालीपर्यंत आठ भाषांत. तो कचेऱ्यांसाठी होता हो. कचेरीत बफाट कमी होतो असं नाही, पण त्याला तिथे निवेदन म्हणतात.

ओटला परिषद

काका 🙏🙏 हे मी फ्रेम करून दुकानात लावणार.

नाशिकची वडोदऱ्यात

सगळ्यांना खूप धन्यवाद, मुलीला रात्री बसवून सगळं सांगितलं, म्हणजे बाध्व ऋषी सोडून, कारण ते सांगितलं तर उद्यापासून मी काही विचारलं की ती गप्पच बसेल.

पण रावपुरा काका, तुमचं वाफ-बाफ वाचून मी खरंच चाट पडले. आमच्याकडे रोज सकाळी सासूबाई सांगतात "बटाटे बाफायला ठेव". नाशिकला आम्ही उकडायला ठेवतो. अकरा वर्षं मी ते ऐकतेय, कुकर लावतेय, शिट्ट्या मोजतेय, आणि तोच बाफ त्या बफाटात आहे हे डोक्यातच आलं नाही. आज संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्या सेव-उसळीचे वाटाणे निवडत होत्या, पूर्ण ऐकून घेतलं, बाष्प, प्राकृत, सगळं. मग म्हणाल्या, "ते बरोबर आहे, पण तीन शिट्ट्यांनंतर गॅस बारीक करायचा असतो, मागच्या वेळी तू फोनवर होतीस आणि बटाट्यांचा पार लगदा झाला, त्याला आम्ही बाफी मार्युं म्हणतो."